क्रमानं लावलेली तीन हजार कार्डं

जागेश्वर परातेचं नाव तुम्ही कुठं ऐकलं नसन. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर "संगणकीकरणाचे शिल्पकार" म्हणून जो फोटो लागून आहे तो त्याचा नाही, मधुसूदन साहेबाचा आहे. दरवर्षी त्याले हार घालतात. मी रिटायर होईपर्यंत रोज त्या फोटोखालून गेली अन् रोज माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून सांगून राहिली. मधात बोलू नका, माझा तोल जाते.

मी लतिका वासनिक, इंदोऱ्याची. आमचं ऑफिस म्हणजे रक्तदात्यांची यादी ठेवणारी संस्था. नाव सांगत नाही, लोकं आहेत अजून. कामठी, उमरेड, काटोल, सगळीकडे शिबिरं होत. रक्त देणाऱ्या हरेक माणसाचं एक कार्ड भरलं जाय. पुढं तोच माणूस कोण्या दवाखान्यात रक्त द्यायले गेला का तिथून आम्हाले फोन येई : अमक्या नावाच्या माणसानं याआधी कधी रक्त देल्लं, त्याले कावीळ होऊन गेली का? आम्ही कार्ड शोधून सांगत होतो. तिकडे पेशंट खाटेवर, देणारा बाही वर करून बसलेला, अन् इकडे मी लाकडी खणातून कार्डं उपसून राहिली. हे असं चाले.

पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंड खोली, काचेचा दरवाजा, चपला बाहेर. देवघरातही आम्ही एवढं सोवळं पाळलं नसतं. अन् त्या मशीनच्या मागून आला जागेश्वर, चार महिन्यांच्या करारावर, प्रोग्राम लिहायले.

तांडापेठेतला पोट्टा. चोवीस वर्षांचा असन. बापाचा हातमाग होता, पॉवरलूमनं तो बंद पाडला. बाप दम्यानं घरी बसलेला, माय, रुख्माबाई, दुसऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरे, मागं दोन बहिणी. घरात पगार आणणारा हा एकच. हा करार पुढं वाढला तर घर चालन, नाही तर पुन्हा कांड्या, हे तो स्वतः कधी बोलला नाही. पण डब्यात रोज भाकर अन् ठेचा पाहून समजते माणसाले.

बोलायचा कमी. पण कामाचं विचारलं का मग थांबत नव्हता. मी टायपिस्ट, कार्डं मशीनमधी टाकायचं काम माझ्याकडे. एकदा मी विचारलं, "काय गा जागेश्वर, तीन हजारातून एक नाव हे डबडं कसं शोधन?"

त्यानं कागद ओढला अन् झाड काढलं. उलटं झाड. मूळ वर, फांद्या खाली.

"ताई, हे असं समजा. तुम्ही पत्ता शोधून राहिल्या. चौकात एक माणूस उभा आहे. तो म्हणते, तुमचं नाव माझ्या नावाच्या आधी येते तर डावीकडे जा, नंतर येते तर उजवीकडे. पुढच्या चौकात दुसरा माणूस, तोही तसाच सांगते. हरेक चौकात अर्धं गाव सुटते. दहा-पंधरा चौकांत घर सापडते."

"अन् नवा माणूस आला तर?"

"तोही असाच विचारत विचारत जाते. जिथं पुढं रस्ता नाही तिथं घर बांधते. म्हणून तर मी झाड घेतलं. नावं ओळीनं लावून ठेवली असती तर मधात एक नाव घुसवायले मागचे सगळे सरकवा लागले असते."

मले समजलं. म्हणजे हे कठीण नव्हतं, पाहा. नववी पास बाईले समजलं. मधुसूदन साहेबाले समजलं नाही, काहून का त्यानं ऐकूनच घेतलं नाही.

आता ऐका, खरी गोष्ट इथून आहे. मार्च महिन्यात जागेश्वर साहेबाच्या टेबलासमोर उभा राहिला. मी तिथंच फाईली लावून राहिली होती. तो म्हणाला, "साहेब, मले दहा दिवस वाढवून द्या. झाडाची एक बाजू जड झाली का ते स्वतःच सावरून घेईन असं मी लिहितो. फांद्या वळवा लागतात, जरा किचकट आहे, पण मग कशीही कार्डं टाका, फरक पडत नाही."

साहेब म्हणे, "दहा दिवस? साधं झाड चालत नाही का?"

"चालते साहेब. पण मग एक पथ्य आहे. कार्डं मिसळलेली पाहिजे."

"लिहून द्या," साहेब म्हणे.

साहेबाची ही एक रीत होती. समोर आलेल्या हरेक कागदाच्या कोपऱ्यात तो "पाहिले" लिही, खाली सही, तारीख. कागद रजेचा असो, झाडूचा असो का कोणाच्या मरणाचा असो. पेन उचलला का पाहिले, पाहिले, पाहिले. वाचायचा नाही. अख्ख्या ऑफिसाले माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जागेश्वरची चिठ्ठी आली. साहेबानं "पाहिले" केलं अन् माझ्याकडे सरकवली. मी काय केलं? पंच घेतला, दोन भोकं पाडली अन् फाईलले लावली. मी पण वाचली नाही. हे मी आज तोंडानं सांगून राहिली, पण हे सांगायले मले किती वर्षं लागली ते माझं मले माहीत.

आठ दिवसांनी साहेब कार्डांच्या खणापाशी आला अन् नाक मुरडून म्हणाला, "काय हा कचरा! उमरेडचं कार्ड कामठीत, गजभिये आधी आणि आकरे नंतर. अशी विस्कटलेली कार्डं मशीनला घालणार? शोभाताई कधीही बघायला येतील. सगळी आडनावाप्रमाणे क्रमानं लावा."

शोभाताई म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्ष, डॉक्टर होत्या. त्यांचं नाव निघालं का सगळे ताठ.

अन् मी लावली हो! बारा दिवस, तीन हजार कार्डं. ए पासून झेड पर्यंत. सतरंजीवर ढीग मांडले, माझ्या भाचीले बसवलं, रबरं लावली. एक कार्ड इकडचं तिकडे नाही. मले अभिमान वाटला. ऑफिसात आम्हाले दुसरं शिकवलंच काय होतं? रजिस्टर असो, हजेरी असो, क्रमानं लावलं म्हणजे काम चोख. जागेश्वरले मी मुद्दाम सांगतलं नाही. वाटलं, पोट्टा खूश होईन.

एप्रिलमधी कार्डं टाकणं सुरू झालं. पहिलं कार्ड आकरे. टाकलं का मशीन लगेच म्हणे, पुढचं द्या. अंबादे, लगेच. बागडे, लगेच. पहिल्या दिवशी दीडशे झाले. मग मशीन रेंगाळायले लागलं. गजभियेपर्यंत आली तर दहा-दहा सेकंद थांबे. मेश्रामपर्यंत अर्धा मिनिट. मी हात मांडीवर ठेवून बसून राहो. रामटेके आले तोपर्यंत एक कार्ड गिळायले त्याले मिनिटाच्या वर लागे, अन् शेवटी शेवटी वासनिक, म्हणजे आमचेच लोक, दीड मिनिट! म्हटलं आमच्याच नावाले हे मशीन काहून रुसून राहिलं?

जागेश्वर त्या दिवसांत साहेबानं सांगतलेले दुसरे प्रोग्राम लिहीत होता, शिबिरांच्या तारखा अन् काय काय. त्याले वाटलं डिस्क खराब आहे, दोनदा कंपनीचा माणूस बोलावला. अन् साहेब? साहेब काचेच्या दारातून पाही, मी हात मांडीवर ठेवून बसलेली. म्हणे, "लतिका, गप्पा कमी कर." कोणाशी गप्पा मारू हो मी, त्या एअर कंडिशनरशी?

अन् एक दिवस माझ्या समोर, फोनवर कोणाले तरी म्हणाला, "अहो, कोष्ट्याचा पोरगा. माग चालवायचा सोडून मशीन चालवायला बसलाय. काय होणार!" नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवशी माझ्या हातात स्टेपलर होतं. मी ते फेकून मारलं नाही, याचा मले आजही पस्तावा आहे.

जूनच्या मधात ठरलं का पुढच्या सोमवारी शोभाताई अन् कमिटी मशीन पाहायले येणार. नाव सांगतील, मशीननं दहा सेकंदांत कार्ड दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर जागेश्वरचा करार संपला. साहेबानं हे त्याले तोंडावर सांगतलं, सगळ्यांसमोर.

शुक्रवारी जागेश्वर माझ्या बाजूले येऊन बसला. म्हणाला, "ताई, आकरे शोधा." लगेच. "मेश्राम शोधा." अर्धा मिनिट. "वासनिक." दीड मिनिट. त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "ताई, कार्डं कशी टाकली तुम्ही?"

"कशी म्हणजे? क्रमानं. ए पासून. साहेबानं सांगतलं होतं."

त्यानं कागद घेतला. आकरे लिहिलं. त्याच्या उजवीकडे अंबादे. त्याच्या उजवीकडे बागडे. त्याच्या उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे, कागद संपला. डावीकडे कोणीच नाही.

"चौक एकही नाही," तो म्हणाला. "एकच गल्ली, तीन हजार घरं. वासनिकच्या घरी जायचं तर हरेक दार ठोकत जा लागते."

मले घाम फुटला, त्या थंड खोलीत. "अरे पण मले कोणी सांगतलंच नाही बाप्पा!"

"मी चिठ्ठी देल्ली होती."

मी उठली. फाईल काढली. मार्च. होती चिठ्ठी. त्याच्या गोल अक्षरात : "कार्डे शिबिरातून जशी आली तशीच, मिसळलेली टाकावी. आडनावाप्रमाणे क्रम लावून टाकू नये. क्रम लावल्यास झाडाची एकच लांब ओळ होईल व मशीन अतिशय सावकाश चालेल." अन् कोपऱ्यात, पाहिले. सही. तारीख. अन् बाजूले माझी दोन भोकं.

मी तिथंच कपाळावर हात मारून घेतला. पण जागेश्वर रडणारा नव्हता. अर्धा घंटा तो त्या कागदाकडे पाहत बसला अन् मग हसला. पहिल्यांदा हसताना पाह्यला मी त्याले.

"ताई, तुमचं एकही कार्ड चुकलं नाही नं? पक्कं क्रमानं आहे?"

"एकही नाही."

"मग जमते. पुन्हा टाकायची गरज नाही. तीन हजारातलं बरोब्बर मधलं कार्ड घ्यायचं, त्याले मूळ करायचं. डाव्या अर्ध्यातलं मधलं त्याच्या डावीकडे, उजव्या अर्ध्यातलं मधलं उजवीकडे. मग त्या अर्ध्यांचे अर्धे. असं करत शेवटपर्यंत. कार्डं जागची हलत नाहीत, फक्त कोण कोणाकडे बोट दाखवते तेवढं बदलते. तीन हजारात बारा चौकांच्या वर लागत नाहीत."

शनिवारी दुपारपर्यंत त्यानं ते लिहिलं. कागदभर पण नव्हतं. पहिल्यांदा चाललं नाही, एका ठिकाणी अर्धा करताना शेवटचं कार्ड सुटून जाय. तो "हत्तेरी!" म्हणाला, दोन ओळी बदलल्या. मग मी टाईप केलं, वासनिक. एंटर दाबायच्या आधीच आलं म्हणा नं! मी माझंच नाव चारदा शोधलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायले लाज कायची.

सोमवार. शोभाताई आल्या, मागं कमिटीचे लोकं, सगळे चपला काढून मोज्यांवर. शोभाताई म्हणाल्या, "माझा ड्रायव्हर दर वर्षी रक्त देतो. यावलकर. बघा बरं." मी टाकलं. पापणी लवायच्या आत यावलकर पडद्यावर. लोकायनं टाळ्या वाजवल्या.

अन् मधुसूदन साहेब पुढं आला, टाय नीट केला अन् काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "ताई, मी पहिल्यापासून शिस्त ठेवली. सगळी कार्डं आडनावाप्रमाणे क्रमानं लावून घेतली. त्याचंच हे फळ."

आयत्या बिळावर नागोबा! माझं डोकंच फिरलं. मी खुर्ची मागं ढकलली, ती भिंतीवर आपटली, सगळे दचकले. बाहेर गेली, फाईल आणली अन् सगळ्यांसमोर चिठ्ठी मोठ्यानं वाचली. तारखेसकट. "पाहिले" सकट. म्हटलं, "ताई, क्रमानं लावून याच साहेबानं मशीन बसवलं होतं, अन् या पोट्ट्यानं दोन दिवसांत ते उठवलं. विचारा साहेबाले, झाडात वासनिक कुठं बसते ते दाखव म्हणा!"

साहेबाचं तोंड टमाट्यासारखं झालं. शोभाताईनं चिठ्ठी हातात घेतली, नीट वाचली. बाई वाईट नव्हती. जागेश्वरकडे पाहून म्हणाल्या, "अरे, मग याची मुदत वाढवा की लगेच."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. एक क्षण. फक्त एक क्षण.

साहेब घसा साफ करून म्हणाला, "ताई, ते प्रकरण तर गेल्या बुधवारी निकाली निघालं. आपल्याच सहीनं."

त्यानं कागद काढून दाखवला. "प्रोग्रामर अकार्यक्षम, मुदत वाढवू नये." खाली शोभाताईची सही. त्या गठ्ठ्यात चाळीस कागद असतील, बाईनं चाळीस सह्या ठोकल्या असतील. आता पहिल्यांदा त्या तो कागद वाचून राहिल्या होत्या, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"ताई, आता वाचलं नं," मी म्हटलं, "आता खोडा!"

"असं करता येत नाही, लतिका. कमिटीत मंजूर झालंय. पुढं बघू."

पुढं बघू! चोर सोडून संन्याशाले फाशी, अन् वरून पुढं बघू! मी आणखी काय काय बोलली मले आठवत नाही. मेमो भेटला मले त्याच्यासाठी, तो अजून घरी जपून ठेवला आहे.

जागेश्वर बाहेर गेला. दाराशी खाली बसून चपलेचा पट्टा लावत होता. मी मागं धावली. सगळा राग त्याच्यावरच काढला. "काहून नाही बोलला गा तू? तोंड शिवलं होतं काय? मी बाई माणूस एकटी भांडून राहिली अन् तू चपला घालून राहिला!"

त्यानं मान वर केली. त्या दिवसापर्यंत त्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता.

"बोललो नाही? मार्च महिन्यात बोललो! उभा राहून बोललो, लिहून देऊन बोललो! अजून कसं बोलतात ताई? त्या कागदाले भोकं तर तुम्हीच पाडली!"

अन् गेला. सायकलवर बसला अन् गेला. मी चपलांच्या ढिगात उभी राहिली.

पुढं तो कामठीले एका खासगी क्लासमधी शिकवायले लागला. पगार निम्मा. रुख्माबाईच्या कांड्या काही सुटल्या नाहीत.

ऑगस्टमधी भंडारा जिल्ह्याची बाराशे कार्डं आली. त्यांची यादी वेगळी, म्हणजे झाड पुन्हा पहिल्यापासून लावायचं. साहेब आला अन् म्हणाला, "मागच्या वेळेसारखीच, क्रमानं." त्या सोमवारच्या टाळ्या त्याच्या कानात होत्या नं अजून. जागेश्वरचा तो अर्धा-अर्धा करायचा प्रोग्राम मशीनमधी होता, पण तो चालवायचा कसा हे कोणालेच येत नव्हतं, मलेही नाही. मी एवढंच शिकली होती का कार्डं मिसळलेली पाहिजे.

मी खाली सतरंजीवर बसली अन् बाराशेच्या बाराशे कार्डं पत्त्यासारखी पिसली. साकोलीचे तुमसरमधी, येळणे आकऱ्यांच्या आधी. पिसता पिसता साहेबाले तोंडभरून शिव्या देल्ल्या, एक स्वतःले पण. मग कामाच्या रजिस्टरमधी मोठ्या अक्षरात लिहिलं : "साहेबांच्या आदेशाविरुद्ध भंडाऱ्याची १२०० कार्डे पिसून, क्रम मोडून मशीनमध्ये टाकत आहे. लतिका वासनिक." अन् रजिस्टर नेऊन साहेबाच्या समोर उघडं ठेवलं. म्हटलं, काढा मले कामावरून. काढाच.

साहेबानं पेन उचलला.

त्या रविवारी मी ते पान घेऊन तांडापेठेत गेली. फाडून नेलं होतं, हाव, सरकारी भाषेत चोरी म्हणा. जागेश्वर ओट्यावर मायच्या बाजूले बसून कांड्या भरू लागत होता. मी पान त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं वाचलं. मग बोट कोपऱ्यात नेलं अन् तिथं लिहिलेलं मायले वाचून दाखवलं.

"पाहिले."